गॅसच्या पाईपला घोंगडं

"मिस्त्री, परत बसली," बापूराव म्हणाला आणि स्टेअरिंगवर दोन्ही हात टाकून तसाच बसून राहिला.

बसली म्हणजे बंद पडली. लागोपाठ चौथा दिवस. वेळ तीच, दुपारी दोनची. जागाही तीच. करंजी घाटाच्या पायथ्याला माझी पत्र्याची शेड होती, तिच्यापासून तीनशे पावलं वर, पहिल्या वळणाच्या अलीकडे. गाडी तिथवर कण्हत जायची, मग इंजिन दोन आचके द्यायचं आणि संपलं. बापूराव ब्रेक सोडत सोडत तिला उलटी उतरवून माझ्या दारात आणून लावायचा. वीस-पंचवीस उतारू खाली उतरायचे, बायका डोक्यावरचा पदर पुढे ओढून झाडाखाली बसायच्या आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे. डॉक्टरकडे बघतात तसं.

आधी गाडीबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दुसरं महायुद्ध चालू होतं. पेट्रोल रेशनवर गेलं होतं आणि खाजगी सर्व्हिस मोटारींच्या वाट्याला जेमतेम गाडी सुरू करण्यापुरतं यायचं. म्हणून मालकांनी गाड्यांना गॅस प्लॅन्ट बसवून घेतले होते. गाडीच्या मागे माणसाएवढी लोखंडी टाकी. तिच्यात लाकडी कोळसा पेटवायचा, पण नीट जळू द्यायचा नाही. हवा कोंडून धुमसत ठेवायचा. त्यातून जो वायू निघतो तो पेट्रोलच्या जागी इंजिनात जाळायचा. टाकीतून निघताना तो आगीसारखा असतो, म्हणून मागेच एका कूलरमधून निववायचा, फिल्टरमधून गाळायचा आणि मग गाडीच्या पोटाखालून लांब पाईपने पुढे न्यायचा. तिथं त्यात हवा मिसळते आणि इंजिन ते ओढून घेतं. गॅसवर गाडीची ताकद निम्म्यावर येते. सपाटीला कसंतरी निभतं. घाट आला की सोंग उघडं पडतं.

आमची गाडी सकाळी नगरहून निघायची, घाट उतरून पाथर्डीला जायची आणि दुपारी परत घाट चढून नगर. दिवसातून एक फेरी. युद्धाआधी तीन होत्या.

मी मूळचा नगरचा. लष्कराच्या वर्कशॉपात चार वर्षं काम केलेलं, त्यामुळे माझ्या हाताला मान होता. "इस्माईलनं बघितलं म्हणजे झालं," असं लोक म्हणायचे. आदल्या वर्षी माझी बायको तापानं गेली. मूलबाळ नव्हतं. घरात तिची भांडी जिथल्या तिथं, आणि शेजारणी दारातून डोकावून विचारायच्या, जेवलात का म्हणून. मला ते सहन होईना. या मोटारीच्या मालकाला घाटाखाली एक मिस्त्री हवा होता. तिथं कुणी जायला तयार नव्हतं. मी म्हटलं, मी जातो.

माणसांपासून लांब जायचं म्हणून गेलो आणि दोन महिन्यांत माणसासाठी जीव टाकायला लागलो. करंजी गाव मैलभर मागे राहिलेलं. शेडसमोर रस्ता, मागे माळ, वर उघडे बोडके डोंगर. दिवसभरात एखादी लॉरी, चार-सहा बैलगाड्या, एक मेंढ्यांचा कळप. सकाळची मोटार उताराच्या भरात धुरळा उडवत निघून जायची. कधीकधी संध्याकाळी लक्षात यायचं की आज आपण तोंडातून शब्दच काढलेला नाही. मग मी उगाच मोठ्यानं पान्यांचे नंबर म्हणायचो. आवाज शाबूत आहे का ते बघायला.

म्हणून खरं सांगतो, गाडी पहिल्या दिवशी बंद पडली तेव्हा मला राग आला नाही.

चार दिवस मी नेहमीच्या चोरांच्या मागे होतो. फिल्टर उघडून धुतला. प्लग काढून घासले. टाकीच्या झाकणाला दोरीचं नवं पॅकिंग दिलं, कारण कुठूनही फाजील हवा आत गेली की गॅसचा दम जातो.

"कोळसा वल्ला आसंल," बापूराव म्हणाला.

"ओला असता तर सकाळीच रडली असती."

"मग वजान जास्त हुतंय. ही मानसं बगा की, मेथीच्या जुडीसारखी कोंबलीत."

बापूराव तिसगावचा. चाळिशीतला, किडकिडीत, कायम दोन दिवसांची दाढी वाढलेली. आधी आठ वर्षं याच मालकाकडे क्लिनर होता, मग ड्रायव्हर झाला. युद्धात क्लिनर लोक लष्करी कामावर गेले, तेव्हापासून कोळसा भरणं, राख काढणं, फिल्टर धुणं सगळं तोच करायचा. घरची जमीन खडकाळ, चार भावांत वाटलेली. ड्रायव्हरचं लायसन हीच त्याची शेती होती.

पाचव्या दिवशी मी डोकं वापरायचं सोडून हात वापरला. गाडी माझ्या दारात येऊन थांबल्याबरोबर खाली शिरलो. मागे, जिथं पाईप कूलरमधून निघतो, तिथं तळहात टेकवला. कोमट. हात ठेवून राहता येत होता. मग सरकत सरकत पुढे गेलो आणि इंजिनापाशी त्याच पाईपवर ओलं बोट झटकलं. पाण्याचा थेंब तडतडला आणि उडून गेला.

मागे निववलेला गॅस पुढे जाईपर्यंत पुन्हा तापत होता. का, ते पाठीवर पडल्या पडल्या डोळ्यासमोरच होतं. गॅस प्लॅन्ट बसवणाऱ्या फिटरनं पाईप टाकताना सोय बघितली होती. चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, डाव्या अंगाला सायलेन्सरचे क्लॅम्प आधीच होते. त्यानं त्याच क्लॅम्पांच्या जोडीला गॅसचा पाईपही बांधून टाकला. सायलेन्सर म्हणजे इंजिनातला जळलेला धूर बाहेर टाकणारा नळ. घाटात तो लाल व्हायचा बाकी असतो. दोघे सहा-सात फूट एकमेकांना चिकटून चालले होते.

आता गरम गॅसनं बिघडतं काय? गरम हवा फुगते. इंजिनाचं पोट ठरलेलं. समजा तुमची टोपली आहे. ज्वारी भरली तर चार माणसांची भाकरी होते. त्याच टोपलीत ज्वारीच्या लाह्या भरल्या, टोपली तेवढीच भरलेली दिसते, पण पीठ काढायला गेलात तर मूठभर. आमचं इंजिन घाट चढायच्या ऐन वेळेला लाह्या खात होतं.

पाईप दुसऱ्या अंगानं नवा टाकणं हा सरळ इलाज. पण लढाईच्या दिवसांत तसला पाईप मागणं म्हणजे वाघिणीचं दूध मागणं. न जळणारी ॲस्बेस्टॉसची दोरी लष्कराबाहेर बघायलाही मिळत नव्हती. मी तात्पुरतं म्हणून पोती भिजवून पाईपवर टाकली. आमच्याकडे ड्रायव्हर लोक बंपरला पाण्याची कॅनव्हासची छागळ टांगतात, वाऱ्यानं पाणी गार होतं, तीच युक्ती. पोती ओली असेपर्यंत काम भागायचं. पण ती दहा मिनिटांत वाळायची. म्हणून आधी तासभर गाडी उभी करून सगळं पूर्ण निववायचं, निघताना पोती चिंब करायची, की गाडी कशीबशी घाटमाथा गाठायची.

अशा रीतीनं दररोजचा एक तास ठरला.

त्या तासाबद्दल मला जरा सांगू द्या. बापूराव बाजेवर आडवा व्हायचा आणि घरच्या गोष्टी सांगायचा. धाकटीला बोलता येत नव्हतं नीट, ती त्याला 'बाऊ' म्हणायची. उतारू भाकरी सोडायचे आणि मलाही वाढायचे. ठेचा, कांदा, कधी हुलग्याचं पिठलं. मी मुसलमान म्हणून कुणी हात आखडता घेतला नाही, कुणी घेतला असेल तर मला दिसला नाही. यमुनाबाई नावाची एक म्हातारी आठवड्यातून तीनदा अंडी घेऊन भिंगारला जायची. तिनं मला पहिल्याच दिवशी फैलावर घेतलं.

"मेस्तरी, बायकू कुटं हाय?"

"वारली."

"कवा?"

"वर्ष झालं."

"आन् तवापास्नं हितं बसलाय व्हय घुबडावानी? आवं, एकट्या मानसाच्या चुलीला जाळबी गोड लागत न्हाई. नगरला जावा, मानसात ऱ्हावा."

मला कुणीतरी रागावलं याचं इतकं बरं वाटलं की मी शेडच्या मागे जाऊन तोंड धुऊन आलो. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळीच झाडाखालची जागा झाडायला लागलो. पाण्याचे रांजण भरून ठेवायला लागलो. दाढी करायला लागलो, तेही सांगून टाकतो.

आता चुकीकडे येतो. ती गाडीची नाही, माझी.

राणबा नावाचा एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन माळावर यायचा. त्याचं माझं बोलणं म्हणजे तो "राम राम" म्हणायचा, मी "या" म्हणायचो. एका दुपारी तो माझ्या शेडच्या सावलीला टेकला. वैशाखातलं ऊन, दगड फुटतील असं, आणि याच्या डोक्यापासून पाठीपर्यंत काळ्या घोंगड्याची खोळ.

मी हसलो. "राणबा, उकडत नाही का?"

"घोंगडं हाय म्हून तर उकडत न्हाई. ऊन आत येत न्हाई."

"हिवाळ्यात तर ऊब यावी म्हणून घेता."

"तवा आतली ऊब भाईर जात न्हाई. घोंगड्याला काय, त्याला दोनी सारकंच. हिकडलं तिकडं जाऊ देत न्हाई."

एवढं बोलून त्यानं चिलीम ओढली. निखाऱ्याचा एक कण घोंगड्यावर पडला. त्यानं टिचकीनं उडवला. लोकर जराशी करपली, वास आला, पण पेट घेतला नाही. पोतं असतं तर भोक पडून धूर निघाला असता.

मी त्याच्याकडे बघत राहिलो. लष्करी वर्कशॉपात मला चार वर्षांत जे कुणी समजावून सांगितलं नव्हतं ते या माणसानं बसल्या जागी सांगितलं होतं. पाईप थंड करायचा नव्हताच. मागे तो थंड झालेलाच होता. सायलेन्सरची उष्णता त्याच्यापर्यंत पोचू द्यायची नव्हती, बस. मधे पत्र्याचा आडोसा, पाईपला लोकरीचं वेष्टण. घोंगडं करंजीत मिळत होतं. पत्रा म्हणजे रॉकेलचे रिकामे डबे, ते माझ्या शेडमधेच पडले होते. तीन तासांचं काम.

मी ते केलं नाही.

पहिल्या दिवशी म्हटलं उद्या करू. दुसऱ्या दिवशी यमुनाबाई माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. तिसऱ्या दिवशी बापूरावनं धाकटीचा नवा शब्द सांगितला. मग मी दिवस मोजायचं सोडून दिलं. गाडी यायची, मी पाईपखाली शिरायचो, दोन-चार ठोके मारायचो, पोती भिजवायचो आणि गंभीर तोंड करून बाहेर यायचो. "तासभर लागेल." वीस दिवस मी हे नाटक केलं. उतारूंचा रोज एक तास खाल्ला. कुणाची कोर्टाची तारीख असेल, कुणाचं आजारी माणूस असेल, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर काम करावं लागलं असतं.

एके दिवशी दुपारच्या गाडीतून मालक उतरले. धोतर, काळा कोट, कपाळावर आठ्या. त्यांनी माझ्याकडे न बघता बापूरावला झाडाखाली बोलावलं.

"किती दिवस हे चालायचं? लोक टांग्यानं, बैलगाडीनं जायला लागलेत. म्हणतात, तुमची मोटार घाटाखाली मुक्कामाला असते."

"मालक, गाडी गरम हुतीया. मी काय करनार?"

"गाडीत दोष आहे म्हणतोस?"

"व्हय, आसंलच की."

मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "गाडीत दोष असता तर इस्माईलला सापडला असता. नगर जिल्ह्यात असा हात नाही. महिनाभर तो रोज बघतोय. त्याला दोष दिसत नाही, याचा अर्थ दोष चालवणाऱ्यात आहे. गॅसवर घाट चढायला अक्कल लागते, ती तुझ्यात नाही. सोमवारपासून माझा भाचा गाडी घेईल. तू लायसन घेऊन दुसरीकडे बघ."

बापूरावनं माझ्याकडे बघितलं. मदतीसाठी नाही. त्याला वाटत होतं की मालक म्हणतात ते खरंच असेल. मिस्त्रीला दिसलं नाही म्हणजे नसेलच. आठ वर्षं क्लिनरकी करून मिळवलेलं स्टेअरिंग त्यानं माझ्या शब्दावर सोडून द्यायची तयारी केली होती.

माझ्या नावाचा त्या दिवशी झाला तसा उपयोग कधी कुणाच्या नावाचा न होवो.

"मालक," मी म्हटलं, "एक दिवस द्या. दोष गाडीत आहे. उद्या पाथर्डीला मी काम करतो. परतीच्या गाडीत तुम्ही बसा. न थांबता माथ्यावर गेली नाही तर मलाही काढा."

"काय करणार आहेस?"

"गॅसच्या पाईपला घोंगडं गुंडाळणार."

मालकांना वाटलं उन्हानं माझं डोकं फिरलं. "बाहेर आग पेटलीय आणि तू गाडीला घोंगडं पांघरतोस? तिला थंडी वाजते का?"

"धनगर भर उन्हात घोंगडं घेऊन फिरतो, मालक. त्याला विचारा."

संध्याकाळी राणबाकडून जुनं फाटकं घोंगडं आणलं. डबे कापून पत्रे सरळ केले. सकाळी मोटार उतरताना हात केला आणि सामान घेऊन चढलो. मालक पुढच्या सीटवर होते. पाथर्डीला ते कामाला निघून गेले. आम्ही गाडी सावलीला लावली, निवू दिली आणि दोघे खाली शिरलो. मी घोंगड्याच्या पट्ट्या गुंडाळत होतो, बापूराव तार देत होता. दोघांचे चेहरे चासीच्या दोन बाजूंना. एकमेकांचे फक्त हात दिसत होते. बहुतेक म्हणूनच मला बोलता आलं.

"बापूराव, दोष मला ठाऊक होता."

"आँ?"

"पाईपचा. वीस दिवसांपूर्वीच कळला होता. हा इलाजही."

तार देणारा हात थांबला. "मग केलं का न्हाई?"

"केलं असतं तर तुम्ही थांबला नसता."

"कुटं?"

"शेडवर."

त्याला ते कळायला वेळ लागला. मी पट्टीचं टोक धरून तसाच पडून राहिलो. वरून कोळशाची भुकटी डोळ्यात पडत होती. पुसायला हात मोकळा नव्हता.

"मला तीन लेकरं हाईत, मिस्त्री."

"ठाऊक आहे."

"ठाऊक हाय म्हनता." त्यानं एवढंच म्हटलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं तारेचं टोक माझ्या बोटांत आलं. "आवळा. ढिली ऱ्हायलीया."

घोंगड्याचे तीन पदर दिले. त्यावर चिकणमाती लिंपली, ठिणगीला जागा राहू नये म्हणून. वरून तार. सायलेन्सर आणि पाईप यांच्यामधे पत्रा उभा केला, दोन्हीकडे बोटभर मोकळी हवा सोडून. ही मोकळी जागा महत्त्वाची. पत्रा सायलेन्सरला टेकला तर तो आडोसा न राहता तवा होतो.

दुपारी एक वाजता निघालो. मालक पुढे, मी त्यांच्या मागे. यमुनाबाई टोपली मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मेस्तरी, आज तुमीच गाडीत? मग आमाला पानी कोन देनार?" करंजी मागे पडलं. बापूरावनं गिअर बदलला आणि गाडी माझ्या शेडवरून पुढे गेली.

मी माझी शेड चालत्या गाडीतून प्रथमच बघितली. झाडाखाली झाडलेली जागा. रिकामी बाज. दाराला कुलूप. तिथं कुणी राहत असेल असं वाटत नव्हतं. चार आकडे मोजेपर्यंत ती मागे गेली.

पहिलं वळण आलं. जिथं रोज आचके यायचे तिथं इंजिनाचा आवाज नुसता जड झाला आणि तसाच राहिला. दुसरं वळण. एक म्हातारा पागोटं मांडीवर काढून ठेवून देवाचं नाव घेत होता. बापूरावच्या मानेवरून घाम वाहत होता, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय हलला नाही. तिसरं वळण, पुलाजवळचा चढ, शेवटची खिंड. आणि मग अंगाला वारा लागला. घाटमाथा.

गाडी थांबवून मालक खाली उतरले, वाकून बघितलं. घोंगड्यावरची माती तडकली होती, जागची हलली नव्हती. बापूरावला म्हणाले, "ठीक आहे. तूच चालव." मग माझ्याकडे वळले. "हे इतके दिवस का सुचलं नाही तुला?"

बापूराव तिथंच उभा होता. मी म्हटलं, "नाही सुचलं, मालक." बापूराव रस्त्याकडे बघत राहिला. एक शब्द बोलला असता तर माझी नोकरी आणि नाव दोन्ही तिथंच संपलं असतं. तो बोलला नाही.

गाडी नगरकडे गेली. मी घाट पायी उतरलो. उतरायला तासभर लागला.

त्यानंतर दुपारची गाडी थांबेनाशी झाली. मी शेडच्या दारात उभा राहायचो. ती करंजीकडून यायची, गिअर पडायचा, समोरून जायची. बापूराव समोर बघत असायचा. पहिले आठ-दहा दिवस त्यानं हॉर्नही दिला नाही. यमुनाबाई खिडकीतून काहीतरी ओरडायची, त्यातलं "मेस्तरी" एवढंच ऐकू यायचं. मग मी आवाजावरून गाडी वर पाठवायचो. पहिलं वळण, दुसरं, तिसरं, पूल, खिंड. कुठंही अडखळत नव्हती. असं निर्दोष काम मी आयुष्यात फार थोडं केलं, आणि त्याचा राग यावा असंही हे एकच.

पुढे बऱ्याच मुलांना मी हे काम शिकवलं. त्यांना सांगायचो की उष्णता रोखायची असेल तर गार करत बसू नका, आधी ती येते कुठून ते बघा आणि मधे आडोसा घाला. दुसरं एक सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. मिस्त्रीनं काम नीट केलं की गाडी त्याच्या दारात थांबत नाही. ज्याला दारात माणसं हवी असतील त्यानं हॉटेल काढावं.

याला एकच अपवाद झाला.

ज्येष्ठ संपत आला होता. दुपारी गाडीचा आवाज आला आणि माझ्या दारापाशी येऊन कमी झाला. मी आतून धावत बाहेर आलो. गाडी उभी होती. खिडकीतून एक जण करवादला, "आता काय झालं हिला?"

बापूराव उतरला. गळ्यातल्या टॉवेलानं तोंड पुसलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तापलीया वाटतं. बगा जरा."

मी बॉनेट उघडलं. घोंगड्याचं वेष्टण जिथं संपतं तिथं पाईपचं चार बोटं उघडं टोक होतं. त्यावर तळहात ठेवला. कोमट, बिनत्रासाचा. इंजिनही चांगला श्वास घेत होतं. मी मान वर केली. बापूराव डोंगराकडे बघत उभा होता.

"होय," मी म्हटलं. "चांगलीच तापलीय. वीस-पंचवीस मिनिटं लागतील."

"लागू द्या," तो म्हणाला आणि बाजेवर जाऊन बसला.